मारुतीच्या नावाचा कौल

यमुना : ...एवढंच सांगा अक्का, दोनांतलं कुठलं. तुम्ही म्हणाल ते मी आज संध्याकाळी डॉक्टरांना फोनवर सांगते आणि मोकळी होते.

सुंदरी : आधी बस तर खरं. त्या खुर्चीवर नको, बाकड्यावर बस. ते बाकडं सागवानी हाय, माझ्या मापानं करून घेतलेलं. जाडी होते तवा त्याच्यावर मी एकटीच मावायची, आता चार ट्रकवाले बसून जेवतात. तू नंदिगड्ड्याच्या शाळंतली बाई न्हवं?

यमुना : हो. यमुना. घर बेळगावला, नोकरी इथं. तिकडच्या डॉक्टरांनीच तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, रामनगरला एक खानावळवाली आहे, मुंबईला जाऊन वजनाचं ऑपरेशन करून आली, तिला भेटून या.

सुंदरी : भेटून या म्हणाले. तिला विचारून करा म्हणाले न्हाईत. शाना माणूस हाय तो. आन् ह्या माझ्या सासूबाई, अनुसया आत्ती. तांदूळ निवडतात असं दिसतंय, पण कान सगळे आपल्याकडं हायत. त्यांच्यासमोर लाजू नको.

अनुसया : लाजायचं कशाला गो बाय. हिला तर मी न्हाऊ घालायची. हात पाठीला पोचत नव्हते हिचे.

यमुना : घरी सगळ्यांचं ठरल्यासारखंच आहे, आज्जी. गोपाळअण्णा, माझा थोरला भाऊ, म्हणतो बायपास कर. आतडं वळवून जोडतात ते. पुढच्या लगीनसराईच्या आत निम्मी होशील म्हणतो. आई म्हणते अण्णाचं ऐक. मामाचं म्हणणं, पट्टी बरी, नको झाली तर काढता येते. मी अजून कोणालाच काही बोललेली नाही.

सुंदरी : तुला कुणी विचारलं का?

यमुना : विचारलं ना. तुझी काही हरकत नाही ना, असं विचारलं.

सुंदरी : ते विचारणं न्हवं गं. ते उरकणं झालं.

यमुना : संध्याकाळपर्यंत मी फोन केला नाही, तर अण्णा करणार आहे. त्याच्याकडे नंबर आहे. पण खरं सांगते अक्का, मला काही सुचत नाही. बस थांब्यापासून शाळेपर्यंत मध्ये दोनदा बसावं लागतं मला. पोरं वर्गातून स्टूल घेऊन सामोरी येतात. त्यांना वाटतं ती मदत करतात. मी रोज रडकुंडीला येते. काहीही करा पण एवढं थांबवा, असं झालंय. म्हणून म्हटलं, तुम्ही सांगा.

सुंदरी : मी सांगणार न्हाई.

यमुना : अहो, पण मी एवढ्या लांबून...

सुंदरी : माझं कसं ठरलं ते सांगते. ऐक, मंग तुझं तू बघ. आत्ती, तुमी मधी बोलणारच, पण सावकाश बोला.

अनुसया : खोटं सांगितलंस तर बोलणार.

सुंदरी : दोन वर्सं झाली बघ. माझं वजन करायचं म्हणलं तर सरकारी दवाखान्यातला काटा पुरंना. नर्सबाई म्हणाली, अक्का, काटा मोडंल, तो मला भरून द्यावा लागंल. मंग आमच्या ह्यांनी, मारुतीनं, काय करावं? मला भाताच्या गिरणीवर न्हेलं. जिथं पोती वजन करतात त्या काट्यावर उभी केली. गिरणीवाला वजन बघून नुसता टोपी काढून डोकं खाजवत ऱ्हायला. मी तिथंच ठरवलं, काय बी होवो, ह्या काट्यावर पुन्हा चढायचं न्हाई.

यमुना : मग मुंबईला?

सुंदरी : बेळगावच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली, मुंबईला गेलो. तिथला डॉक्टर भला. खुर्चीत बसवून तासभर समजावलं त्यानं. तीन प्रकार हायत म्हणाला. एक टाके मारून पोट लहान करायचं, पण ते टाके पुढं सैल होतात, ते आपण सोडून देऊ म्हणाला. ऱ्हायले दोन. पट्टी म्हंजे पोटाच्या वरच्या अंगाला मऊ पट्टी बांधायची, पोत्याचं तोंड आवळावं तशी. कातडीखाली एक बटण ठेवतात, त्यात सुईनं पाणी घातलं की पट्टी आवळती, काढलं की सैल होती. जेवण घासभर आत गेलं की पोट भरलं. कापाकापी कमी, धोका कमी. पण वजन हळूहळू उतरणार, आन् आवळायला पुन्हा पुन्हा मुंबई.

यमुना : आणि बायपास?

सुंदरी : त्यात पोटाची छोटी वाटी करतात, आन् खालचं आतडं उचलून त्या वाटीला जोडतात. खाल्लेलं मोठ्या पोटाला वळसा घालून जातं. वजन भराभर उतरतं. पण एकदा केलं की केलं. लोखंडाच्या, चुन्याच्या गोळ्या मरंपर्यंत. रक्त तपासायचं. आन् धोका जास्त, हे पण त्यानं तोंडावर सांगितलं, लपवलं न्हाई. शेवटी म्हणाला, दोन्ही चांगली हायत. तुमी कशा जगता त्याच्यावर हाय. घरी जाऊन ठरवा.

यमुना : हेच मलाही म्हणाले. घरी ठरवा.

सुंदरी : तिथंच घोळ झाला. घरी ठरवा म्हणलं की घर ठरवतंय. आमच्या घरानं कौल लावला.

अनुसया : मग काय लावू नये? एवढी मोठी गोष्ट. आमच्यात गाय विकायची तरी माउली देवीला विचारतात.

यमुना : कौल म्हणजे पाकळ्यांचा? आमच्याकडेही आजी सांगायची, पण मी कधी पाहिला नाही.

अनुसया : गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो गो. एक उजवी, एक डावी. गाऱ्हाणं घालतो, सगळं सांगून विचारतो. उजवी पडली तर हे करा, डावी पडली तर ते. मी सांगितलं शंकर गुरवाला, उजवी म्हणजे पट्टी, डावी म्हणजे कापायचं. मी, माझा मारुती, धाकटा, शेजारचे दोघं. सगळे होतो.

सुंदरी : मी सोडून सगळे. देऊळ वर टेकडावर, मला चढवत न्हव्हतं. मी हितं आमटीला फोडणी देत होते.

अनुसया : उजवी पडली. खाडकन् पडली. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. पट्टी म्हणजे कापणं कमी. मी नारळ फोडला, खोबरं वाटत घरी आले.

सुंदरी : खोबरं माझ्या हातावर ठेवलं आन् म्हणल्या, सुंदरी, ठरलं, पट्टी. मी म्हणलं, बरं. तुझ्यासारखीच म्हणले, बरं. राती जेवताना मारुतीला सहज विचारलं, गाऱ्हाणं कसं घातलं. ते म्हणाले, घालतात तसंच की. अमक्या गावचा, अमक्या घरचा मारुती, तुझं लेकरू, त्याचं पोट सुटलंय, त्याला काय करायचं ते सांग.

यमुना : म्हणजे तुमचं नावच नाही?

सुंदरी : बाईचं गाऱ्हाणं घरच्या बाप्याच्या नावानं घालायचं, अशी आमच्यात रीत. शेताचं, गुरांचं, बाळंतपणाचं सुद्धा. आत्तींना त्यात काय वावगं वाटलं न्हाई, गुरवाला न्हाई, मारुतीला तर त्याहून न्हाई. आन् मारुती कसा हाय? तू बघितला न्हाईस. काठीला शर्ट घातल्यासारखा. त्याच्या पोटाला पट्टी बांधायची म्हणली तर पट्टी खाली घसरंल. एवढं हसले मी त्या राती, ठसका लागला. मंग हसता हसता रडायला आलं. म्हणलं, देवीला सुद्धा माझं नाव सांगितलं न्हाई.

अनुसया : ते खरं. ते माझं चुकलं. पण रीत होती गो.

सुंदरी : तुमी एकट्या कुठं चुकला आत्ती, सगळी चुकली. मी पण. मी कुठं म्हणले की माझ्या नावानं घाला?

यमुना : मग काय केलंत?

सुंदरी : दुसऱ्या दिवशी खानावळ बंद ठेवली आन् निघाले टेकड चढायला. मारुती एका बाजूला, आत्ती दुसऱ्या बाजूला. प्रत्येक झाडाखाली बसले. धाप लागायची, डोळ्यापुढं काळं यायचं. मारुती म्हणाले, परत जाऊया. मी म्हणलं, परत गेले तर पट्टी तुमच्याच पोटाला बांधा. वर पोचायला दुपार झाली. शंकर गुरव देऊळ बंद करायच्या बेतात होता. म्हणाला, कौल तर कालच झाला. मी म्हणलं, काल मारुतीचा झाला. आज सुंदरीचा.

अनुसया : गुरव रागावला होता हो. बायकांच्या नावानं कोण घालत नाही म्हणाला. मीच त्याला म्हटलं, शंकर, पोट हिचं आहे, तू घाल.

सुंदरी : हे मातर आत्तींनी केलं. ते मी जन्मात विसरणार न्हाई. नवऱ्याच्या आधी सासू उभी ऱ्हायली माझ्या बाजूनं.

अनुसया : मला उन्हानं चक्कर येत होती, लवकर आटपूया म्हणून बोलले मी.

सुंदरी : काय बी असू दे. गुरवानं पाकळ्या लावल्या. विचारलं, उजवीला काय सांगू, डावीला काय सांगू? मी म्हणलं, पट्टी का कापायचं ते विचारायचंच न्हाई. माझ्या पोटात काय जातं, कवा जातं, ते माउलीला कशाला ठाऊक असंल? ते मी ठरवते. तू यवढंच विचार, सुंदरी जे ठरवंल त्यात तू तिच्या पाठीशी ऱ्हाशील का? ऱ्हाशील तर उजवी पाड.

यमुना : आणि?

अनुसया : उजवी पडली.

सुंदरी : लगीच न्हाई पडली. लई वेळ चिकटून ऱ्हायली. गुरव सारखं गाऱ्हाणं घालतोय, आम्ही बसलोय, पाकळी हलंना. शेवटी मला वाटलं, देवी वाट बघतीया की काय, की ही ठरवून तरी आलीया का. कारण ठरवलं कुठं होतं मी? नुसती भांडायला आले होते. मंग तिथंच बसून मी पहिल्यांदा नीट इचार केला. कुणी मधी बोलणारं न्हव्हतं ना.

यमुना : कसला विचार?

सुंदरी : माझ्या दिवसाचा. पहाटं उठल्यावर गुळाचा चहा, मोठा पेला. मंग आमटी चाखायची, रस्सा चाखायचा. गिऱ्हाइकाला पायस वाढायच्या आधी ते चाखायचं. परत चहा. ट्रकवाला आला, त्याच्याबरोबर चहा. ताट वाढून घेऊन मी जेवते कितीसं? चार घास. माझं सगळं थेंबाथेंबानं आत जातंय. आन् डॉक्टर म्हणाला होता, पट्टी भाताचा मोठा घास अडवती, पण पातळ आन् गोड तिच्यातनं सरळ खाली उतरतं. म्हंजे पट्टी माझ्या कामाचीच न्हाई. ती बांधून मी हितं चाखत बसले असते, आन् वर्सानं हाय तिथंच. बायपासमधी गोड जास्त गेलं तर घाम फुटतो, छाती धडधडती, आडवं व्हावं लागतं. मला तसाच कुणीतरी कान धरणारा पायजे होता.

अनुसया : आणि सारखं मुंबईला कोण जाणार? खानावळ कोण बघणार?

सुंदरी : ते पण होतंच. गोळ्या मी हितं बसून खाईन, पण पट्टी आवळायला दर खेपंला मुंबई मला झेपणार न्हाई. सगळा हिशेब तिथं देवळात बसून घातला आन् मोठ्यानं म्हणले, माउली, मी बायपास करणार. मारुतीनं एकदम माझ्याकडं बघितलं. त्यांना कापायचं भ्या होतं. मला वाटलं आता न्हाई म्हणणार. पण ते म्हणाले, तुझं पोट, तू बोललीस, झालं. यवढंच बोलले, पण काय सांगू तुला, लग्नाला वीस वर्सं झाली, असं गोड कवा बोलले न्हव्हते.

अनुसया : आणि पाकळी पडली.

सुंदरी : वाळली म्हणून पडली, आत्ती.

अनुसया : पडली ना? उजवीच पडली ना? मग.

यमुना : भीती नाही वाटली, ऑपरेशनच्या वेळी?

सुंदरी : वाटली की. गाडीवर झोपवून आत न्हेताना मारुतीचा हात सोडंना मी. नंतरचे आठ-दहा दिवस तर विचारू नको, पाणी सुद्धा चमच्यानं. केस गेले मुठीमुठीनं, मंग परत आले. एकदा सणाला पायस दोन वाट्या खाल्लं आन् मोरीत जाऊन पडले, आत्तींनी माझ्या डोक्यावर पाणी मारलं. पण आता बघ. कॅसलरॉकला माझं माहेर. भाऊ लक्ष्मण तिथं रेल्वेत हाय. आधी मला गाडीत चढवायला तो खालनं ढकलायचा आन् मारुती वरनं ओढायचे, आख्खा डबा खिडकीतनं बघायचा. गेल्या दिवाळीला गाडी थांबली, मी दांडा धरला आन् वर. लक्ष्मण खाली हात पसरून उभाच. म्हणाला, अक्का, चढलीस पण? मी म्हणलं, तू बी चढ आता, गाडी सुटंल.

अनुसया : त्या दिवशी घरी येऊन हिनं मला उचललं. खरंच उचललं गो. मी म्हातारी, ओरडले तरी सोडंना.

सुंदरी : मला बघायचं होतं, जमतंय का.

यमुना : किती छान, अक्का. मग झालं तर. मीही बायपासच सांगते.

सुंदरी : का?

यमुना : तुम्हाला एवढा फायदा झाला. अण्णाही तेच म्हणतो.

सुंदरी : म्हंजे आधी तुझं पोट अण्णाच्या नावानं होतं, आता सुंदरीच्या नावानं. तू यवढा वेळ काय ऐकलंस? सांग मला, तू गोड खातीस?

यमुना : नाही. फारसं आवडत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा.

सुंदरी : मंग वजन कशानं?

यमुना : भातानं. दुपारी शाळेतून येते ती उपाशी. एवढा ढीग भात, वर मासळीचं कालवण. एका ताटात आई, मी आणि अजून एक जण जेवेल एवढं मी एकटी खाते. मग संध्याकाळपर्यंत काही नाही. मधे चाखत वगैरे नाही.

सुंदरी : आन् मुंबई? कोण हाय तिथं?

यमुना : मावशी. दर सुट्टीत बोलावते. उन्हाळ्याची सुट्टी, दसऱ्याची सुट्टी, नाताळची सुट्टी. मी जातच असते तिच्याकडे.

अनुसया : मास्तरीणबाईंना सुट्ट्याच सुट्ट्या.

यमुना : म्हणजे पट्टी आवळायला मला जाता येईल. अक्का, हे मी असं कधी मांडून बघितलंच नव्हतं.

सुंदरी : मांड आता. अजून काय हाय मनात? कायतरी हाय, मगापासनं ओठावर येतंय आन् तू गिळतीस.

यमुना : अण्णाला घाई आहे. एक स्थळ आलंय, मुलगा अजून मला बघायला आलेला नाही. अण्णा म्हणतो, आता नको दाखवायला. आधी बारीक होऊ दे, मग दाखवू. ते ऐकलं आणि मला इतकं लागलं ना, अक्का. मला लपवून ठेवायचं, आणि दुसरीच कोणी तरी बाहेर काढून दाखवायची, तसं. मला बारीक व्हायचंय, खूप व्हायचंय. ते स्टूल मला परत बघायचं नाही. पण मला घाई नाही. येणाऱ्यानं मला आत्ता बघावं. आत्ता बघून हो म्हणावं. मग मी हळूहळू कमी होईन, त्याच्या डोळ्यांदेखत. आणि पुढे मूल व्हायचं झालं तर डॉक्टर म्हणाले पट्टी सैल करता येते, पोटातल्या बाळाला पुरेल एवढं खाता येतं. ते मी त्यांना स्वतःहून विचारलं होतं. घरी कोणाला सांगितलं नाही.

सुंदरी : अगं मंग तुझं तर कवाच ठरलंय.

यमुना : तुम्हाला राग नाही ना आला? तुम्ही कापून घेतलेल्या, तुमच्या समोर बसून मी पट्टी म्हणतेय.

सुंदरी : राग? मला तर नाचावंसं वाटतंय. आत्ती, ऐकलंत का, ही पट्टी म्हणतीया.

अनुसया : मी पहिल्यापासून पट्टीच म्हणत होते.

सुंदरी : तुमी मारुतीसाठी म्हणत होता. ऊठ यमुना, परशूचं एस.टी.डी. बूथ भिंतीला भिंत लागून हाय. आत्ता कर फोन. घरी जाऊन करीन म्हणलीस तर घर करील.

यमुना : आधी अण्णाला सांगू का? त्याला वाईट वाटेल.

सुंदरी : त्याला नंतर सांग, प्रेमानं सांग. भाऊ वाईट न्हाई तुझा. पण आधी डॉक्टर.

(शेजारच्या एस.टी.डी. बूथमध्ये. काचेचं दार अर्धं उघडं. सुंदरी आणि अनुसया बाहेर उभ्या.)

यमुना : नमस्कार डॉक्टर, मी यमुना बोलतेय, नंदिगड्ड्याहून. म्हणजे आत्ता रामनगरहून. ...हो, ऑपरेशनचंच. ...काय? कधी? ...सकाळीच केला अण्णानं?

अनुसया : काय झालं गो?

सुंदरी : गप आत्ती. बोलू दे तिला.

यमुना : बायपास लिहून घेतलंत? ...हो, तो माझा थोरला भाऊ आहे. ...नाही, त्याच्याशी भांडण नाही माझं. त्यानं माझ्या काळजीनंच सांगितलं. पण तो मला न विचारता बोलला. तुम्ही ते खोडा. मला पट्टी करायचीय. ...हो, माहीत आहे, हळू उतरेल. वेळ लागला तरी चालेल मला. सुट्ट्यांमध्ये मी मुंबईला जात जाईन, मावशी तिथंच आहे. ...घरच्यांशी आज रात्री बोलते मी. ...नाही डॉक्टर, सोबत घरचं कोणी नाही. ...हो, नक्की. माझ्याच नावावर लिहा.